रोहिणीचा पांढरा दिवा

वैजयंता पाटोळेने हात धुतले, केसांवर जाळीची टोपी चढवली आणि ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. समोरच्या थाळ्यातल्या बेदाण्याकडे मात्र तिने पाहिलं नाही. आधी पाहिलं ते खिडकीकडच्या टेबलाकडे. तिथे रोहिणी ऐनापुरेचा दिवा लागला होता. पांढरा. कालच्यासारखा, परवासारखा, धुतल्या तांदळासारखा पांढरा.

मग तिने स्वतःच्या दिव्याकडे पाहिलं. तो थोडा वेळ विचार केल्यासारखा लुकलुकला आणि पिवळा झाला.

"आजबी?" शेजारच्या टेबलावरून शालन हळूच म्हणाली.

"गप बस आणि काड्या वेच," वैजयंता म्हणाली. शालनचाही दिवा पिवळाच होता, पण त्याचं वैजयंताला काही वाटलं नाही. सगळ्या हॉलचे दिवे पिवळे असते तरी तिला चाललं असतं. खिडकीकडचा तो एक पांढरा तिला सोसवत नव्हता.

तासगावच्या बाहेर, सांगलीच्या रस्त्यावर श्रीवर्धिनी बेदाणा केंद्र होतं. बेदाण्याचा रंग आणि आकार यंत्रं पाहत. शेवटचा हात मात्र बायकांचा असे. काडी राहिलेले, दमट लागलेले, चिकटलेले मणी बोटांना कळत. दोन वर्षांपूर्वी प्रत्येक टेबलाच्या डोक्याशी एकेक कृत्रिम नाक बसवलं गेलं. नारळाएवढा पोलादी गोळा, त्याला बारीक भोकं, आत हवेतला वास ओळखणारे कण. थाळ्यात कुठे आंबलेला, बुरसलेला बेदाणा असला तर माणसाला कळायच्या आत या नाकाला कळे. बायकांनी त्याचं नाव 'नकटी' ठेवलं होतं.

पुढे नाक बनवणाऱ्या कंपनीच्या लक्षात आलं, की नकटी बेदाण्याबरोबर टेबलाशी बसलेल्या माणसालाही हुंगते. भ्यालेल्या माणसाच्या घामाला आणि श्वासाला वेगळा वास येतो. आपल्या नाकाला तो समजत नाही, कुत्र्याला समजतो, आणि आता यंत्रालाही समजू लागला होता. कंपनीने प्रत्येक टेबलावर एक दिवा जोडून दिला. मन शांत असेल तर पांढरा, धास्तावलेलं असेल तर पिवळा. घाबरलेला हात चुकतो, तेव्हा पिवळा दिवा दिसला की त्या बाईला घटकाभर उठू द्यावं, चहा द्यावा, असा त्यामागचा चांगला हेतू होता. पहिले काही महिने तसा चहा मिळालाही.

मग मंदी आली. परदेशातली मागणी आटली, बंदरावर गेलेला माल परत आला, शीतगृहं पेट्यांनी भरून गेली. केंद्रातलं कँटीन बंद झालं. मालक शेटे स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी बायकांना एकत्र बोलावून सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून निम्मीच टेबलं चालवता येतील. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे मी ठरवणार नाही. माझ्या मनात दुजाभाव नको. दिवा ठरवेल. ज्यांचं मन कामात स्थिर आहे त्या राहतील."

त्या दिवसापासून हॉलमध्ये बायका दिव्याला भिऊ लागल्या. भीतीने दिवा पिवळा होईल म्हणून भीती वाटायची, आणि ती वाटते म्हणून आणखी वाटायची.

फक्त रोहिणी तेवढी गाणी गुणगुणत बसलेली.

आणि तिला हे काम शिकवलं होतं वैजयंतानेच! गेल्या दिवाळीनंतर रोहिणी पहिल्यांदा आली, तेव्हा तिला दमट मणी आणि वाळवताना लावलेल्या तेलाचा मणी यातला फरक कळत नव्हता. वैजयंताने तिची बोटं धरून थाळ्यात फिरवली होती. "डोळं मिटून बघ. बोटाला गार लागला की तो बाजूला." पंधरा वर्षं जिच्या थाळ्याला कुणी परत हात लावला नाही ती वैजयंता आज पिवळी, आणि परवा आलेली ही पोरगी पांढरी. पर्यवेक्षक खराडे हॉलमधून फिरताना आता खिडकीशी थांबायचे, हसून दोन शब्द बोलायचे. पूर्वी ते वैजयंताच्या टेबलाशी थांबत. एवढीशी गोष्ट, पण ती तिच्या छातीत कुसळासारखी रुतली होती.

तिने रोहिणीचं सगळं निरखून पाहिलं. कुठलं तेल लावते, कुठला साबण वापरते, गळ्यात काय घालते. एकदा सहज विचारल्यासारखं करून साबणाचं नाव विचारून घेतलं आणि तोच आणला. दिवा पिवळाच राहिला. एकदा खराड्यांकडे टेबल बदलून मागितलं, खिडकीजवळची हवा चांगली असेल म्हणून. तिथेही पिवळाच, म्हणून ती परत आपल्या जागी आली. शेवटी एके दिवशी पाण्याच्या नळाशी तिने रोहिणीला गाठलंच.

"रोहिणी, तुला भ्या कसं वाटत न्हाई गं?"

"वाटतंय की! कोण म्हणतंय वाटत न्हाई?" रोहिणी हसली. "कालच स्वप्नात शेटेसाहेब आले, माझा थाळा उचलून घेऊन गेले. ओरडत उठले, वैजाक्का."

"मग दिवा पांढरा कसा?"

"मला काय ठावं? नकटीला माझा वास आवडत आसंल."

वैजयंता हसली नाही. ही सांगत नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. काहीतरी तोडगा आहे हिच्याजवळ, आणि तो ती दाबून ठेवते आहे. स्वतःला मणी ओळखायला शिकवणाऱ्या बाईला सुद्धा सांगत नाही!

वैजयंताचा स्वतःचा भरवसा देवावर होता. चातुर्मास लागला तेव्हा तिने नक्त धरलं होतं. दिवसभर अन्न घ्यायचं नाही, दिवेलागणीनंतर एकदाच जेवायचं. नोकरी टिकू दे, एवढंच मागणं. दिवा पिवळा येऊ लागला तसा तिने नेम आणखी कडक केला. सकाळचा चहासुद्धा सोडला. जितकं कडक पाळावं तितका दिवा गडद पिवळा होई, आणि ती मनात म्हणे, माझ्याच भक्तीत कुठे खोट राहिली असेल.

दहाच्या सुट्टीत रोहिणीचा मोठा डबा उघडायचा. तिच्या भावाची बाजारपेठेत खानावळ होती. तिथल्या उरलेल्या भाकऱ्या, पिठलं, मटकीची उसळ ती बांधून आणायची आणि खिडकीकडच्या बायकांच्या हातावर टेबलापाशीच ठेवायची. "खा गं, वाया जाईल न्हाईतर." तिकडे हशा पिकायचा. तिकडचे दिवे एकेक करून पांढरे होऊ लागले होते. वैजयंताला वाटे, ही बायका फितवते आहे. आपल्याभोवती गोतावळा जमवते आहे.

"वैजाक्का, एक घास?" रोहिणी रोज विचारायची.

"माझं नक्त हाय. तुला म्हाईत आसून कशाला विचारतीस?"

"बरं बाई. शालन, तू तरी घे."

"नको. माझाबी उपास हाय," शालन मान खाली घालून म्हणायची.

ते ऐकून वैजयंताला रागच यायचा. एकदा ती बोललीच, "आज कसला गं उपास? ना एकादशी, ना संकष्टी. काल बी उपास म्हणालीस. देवाचं नाव घेऊन असलं चालवू नये."

शालनने टोपी नीट केली आणि ती काड्या वेचू लागली. त्या दिवसापासून ती रोहिणीच्या बाजूच्या टेबलावर बसू लागली, आणि रोहिणीने काही न विचारता तिच्या पदराखाली भाकरी सरकवली. आठवड्याभरात शालनचाही दिवा पांढरा झाला.

मग मात्र वैजयंताला धीर धरवेना. ती खराड्यांकडे गेली.

"साहेब, परदेशात जाणारा माल आपला. टेबलावर उसळ सांडती, मुंग्या होत्यात. उद्या कुणी तपासायला आलं तर?"

खराड्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हे तुम्ही कामाच्या काळजीनं सांगताय ना, वैजयंताबाई?"

"मग कशानं?"

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. टेबलावर खाणं बंद. ज्याचा डबा त्याने मागच्या शेडमध्ये खायचा. वाटावाटी चालणार नाही. रोहिणीने पाटी वाचली, खराड्यांना कारण विचारलं आणि सरळ वैजयंताच्या टेबलाशी आली.

"मुंग्या बऱ्या दिसल्या तुला, अक्का. माझ्याकडं तर कधी आल्या न्हाईत."

वैजयंता काड्या वेचत राहिली. रोहिणी जागेवर गेली. त्या दिवशी तिने गाणं म्हटलं नाही, आणि वैजयंताला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही.

त्यानंतरच्या दिवसांत एक गोष्ट घडली. खिडकीकडचे दिवे एकेक करून पिवळे झाले. आधी शालनचा, मग तिच्या पलीकडच्या दोघींचा. आणि एका सकाळी, वैजयंता नेहमीप्रमाणे बसायच्या आधी तिकडे पाहायला गेली, तर रोहिणीचा दिवा पिवळा होता.

तिने पुन्हा पाहिलं. पिवळाच.

मनात गोड काहीतरी पाझरलं. खरवस खाल्ल्यासारखं. तिने ते लपवण्यासाठी तोंडाला पदर लावला. दिवसभर ती मधून मधून तो पिवळा दिवा पाहून घेत होती. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावताना मात्र तिचा हात थांबला. मागितलं होतं नोकरी टिकू दे म्हणून. आणि आनंद झाला होता दुसरीची जाते आहे म्हणून. देवाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने घाईने वात पुढे केली आणि डोळे मिटून घेतले.

पण महिनाअखेर जवळ आली होती, आणि आता एकाएकी इतके दिवे पिवळे झाल्याने नाकं बिघडली की काय, अशी शंका खराड्यांना आली. यंत्राच्या कंपनीकडून ऋजुता देवस्थळी नावाची मुलगी आली. गेल्या वर्षीही तीच आली होती. ती प्रत्येक नकटी उघडून पाहायची, शुद्ध हवेची कुपी धरून तपासायची, पुन्हा बंद करायची. वैजयंताच्या टेबलाशी आल्यावर ती जरा जास्तच रेंगाळली.

"नाकात काही बिघाड नाही, काकू," ती हलक्या आवाजात म्हणाली. "एक विचारू? आज सकाळी काय खाल्लंत?"

"माझं नक्त असतं. चातुर्मासाचा नेम. रात्री एकदाच."

"आणि त्या खिडकीकडच्या?"

"त्यांचं मला काय म्हाईत?" वैजयंता म्हणाली. पण लगेच, का कोण जाणे, पुढे बोलली, "आधी रोहिणी सगळ्यांना भाकरी द्यायची. आता ते बंद झालंय."

ऋजुताने हातातलं काम ठेवलं. "कधी बंद झालं?"

वैजयंताने सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला. तिने इकडेतिकडे पाहिलं, स्टूल ओढून बसली, आणि यंत्र दुरुस्त करते आहे असं दाखवत बोलू लागली.

"काकू, माणूस उपाशी राहिला की शरीर आतली चरबी जाळायला लागतं. तेव्हा श्वासात आणि घामात एक वास उतरतो. पिकून गेलेल्या फळासारखा, थोडा गोडसर. हे नाक तर पिकलेलं, आंबलेलं फळ ओळखायलाच बनवलंय; त्याला तो वास लगेच येतो. पण तो कशाचा, हे त्याला कुणी शिकवलंच नाही."

"म्हंजे?"

"भीतीचा वास याला शिकवला तो एका मोठ्या कारखान्यात. तिथे सकाळी नाश्ता, दुपारी जेवण कारखान्यातच मिळायचं. तिथे कुणी उपाशी नव्हतंच. शांत माणूस आणि घाबरलेला माणूस, एवढे दोनच वास याने हुंगले. आता तिसरा वास आला की ते त्याला भीतीच्या खात्यात टाकतं. खऱ्या भीतीचा हलका वास तर इथल्या बेदाण्याच्या वासात बुडूनच जातो." ती थांबली. "मला वर्षभर शंका होती. सोमवारी आणि एकादशीला दिवे जास्त पिवळे दिसायचे. मला वाटलं, योगायोग असेल."

"मग साहेबास्नी सांग की!"

ऋजुताने भोकांवरची जाळी उगीच पुसली. "कंपनीने हे भय ओळखणारं नाक म्हणून विकलंय. मी सांगितलं की हे भूक ओळखतं, तर पुढच्या महिन्यात मीच घरी. माझ्याकडेही तेच चाललंय, काकू. निम्मे लोक कमी करताहेत."

ती गेल्यावर वैजयंता बराच वेळ थाळ्यात नुसती बोटं फिरवत राहिली. शालनचे उपास तिला आता एकेक करून आठवू लागले. कुठलीही तिथी नसलेले उपास. घरी पीठ संपलं हे कामावरच्या बाईला कसं सांगायचं? 'उपास हाय' म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. उलट मान देतात. आपण तिला भर हॉलमध्ये विचारलं होतं.

आणि मग एक विचार आला, जो तिला येऊ द्यायचा नव्हता. नवऱ्याचा ट्रक मंदीत कामाविना उभा राहिल्यापासून घरात धान्य मोजून निघत होतं. सांगलीला शिकणाऱ्या मुलाला डबा पाठवून जे उरे त्यात दोघांची दोन वेळची भूक भागत नव्हती. त्याच दिवसांत तिने नक्त धरलं होतं. देवासाठी धरलं होतं. तिची शपथ होती की देवासाठीच. पण मुलाच्या डब्यालाही ते बरं पडलं होतं. किती त्यातलं देवाचं आणि किती डब्याचं, हे नकटीला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं?

पण त्यामागोमाग दुसरा विचार आला, आणि तो जास्त जोराचा होता. म्हणजे रोहिणी धीट वगैरे काही नव्हती! खानावळीत सकाळी पोटभर न्याहारी करून येत होती, एवढंच. आणि आता भावाची खानावळही मंदीत बसली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जे दोन घास तिच्या वाटणीचे होते तेही ती शालनला दाराबाहेर देऊन येत असणार, आणि तेवढ्यात दोघींचंही भागत नसणार. म्हणून पिवळी. उद्या शेटेसाहेब दिवे पाहायला येणार. उद्या सकाळी वैजयंताने पोटभर खाल्लं, तर तिचा दिवा पांढरा. रोहिणीचा पिवळा. खराडे पुन्हा वैजयंताच्या टेबलाशी थांबतील.

कुणाला काही सांगायची गरज नव्हती. एक भाकरी खायची होती, बस.

उजाडताना ती देवघरासमोर बसली. आज देवाकडे पाहणं तिला जमेना. तिने समईची वात सारखी केली, जी आधीच सारखी होती. मग रात्रीची भाकरी आणि दही पुढ्यात घेतलं. चातुर्मासात सूर्याच्या उजेडात पोटात गेलेला तो पहिला घास होता. घशाखाली उतरताना तो खडबडीत लागला. तिने भाकरी पूर्ण संपवली, वर थोडा भातही खाल्ला, ताट धुऊन पालथं घातलं, आणि नवऱ्याला काही न सांगता घराबाहेर पडली.

तिचा दिवा पांढरा झाला तेव्हा हॉलमध्ये कुजबूज झाली. दुपार कलायच्या सुमारास शेटे आले, खराडे त्यांच्या मागे, ऋजुता यंत्रांची पेटी घेऊन बाजूला. शेटे प्रत्येक टेबलापाशी थांबत होते. पिवळ्या दिव्यासमोर ते नजर खाली करून म्हणत, "एक तारखेपासून थोडे दिवस घरी थांबा. मंदी उलटली की बोलावतो." शालनने आपला थाळा पुढे सरकवून दिला. रोहिणी म्हणाली, "बरं साहेब," आणि हात पुसायचं फडकं उगीच घडी करत राहिली.

मग शेटे वैजयंतापाशी आले. दिवा पाहून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"बघा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला म्हणतात मनाचा ताबा. काल यांचा पिवळा होता ना, खराडे? एका दिवसात भीती जिंकली यांनी. वैजयंताबाई, तुमचं टेबल पक्कं."

हेच तर हवं होतं. तिने रोहिणीकडे पाहिलं. आपला विजय तिच्या चेहऱ्यावर दिसावा म्हणून पाहिलं. रोहिणीने तिच्याकडे बघून मान डोलावली. खरोखर बरं वाटल्यासारखी. टोमणा नाही, जळफळाट नाही. वैजयंताला तेवढंही सुख तिने दिलं नाही.

हिला माझा हेवासुद्धा करता येत नाही, वैजयंताच्या मनात आलं, आणि त्याच रागात ती उठून उभी राहिली.

"साहेब, मी काय बी जिंकलं न्हाई."

शेटे थांबले. आतापर्यंत पंधरा वर्षांत वैजयंता मालकांशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलली नव्हती. तिने टेबलाची कड धरली.

"काल पिवळा होता कारण मी उपाशी होते. आज जेवून आले. नक्त मोडून आले. एवढाच फरक हाय."

"अहो, यंत्र भीतीचं आहे ते."

"भीतीचं? मग हे बघा." तिने दोन्ही हात टेबलाच्या कडेवरून उचलून पुढे केले. हात थरथरत होते. बांगड्या एकमेकींवर वाजत होत्या, सगळ्या हॉलला ऐकू येतील इतक्या. कपाळावरून घाम ओघळत होता. "जलमात एवढं भ्या वाटलं न्हाई मला, साहेब. उद्या तुमी मला काढून टाकाल हे दिसतंय मला. आता दिवा बघा."

सगळ्यांनी पाहिलं. नकटी थरथरत्या हातांपासून वितीवर होती. दिवा पांढरा होता. पांढराच राहिला.

"आता शालनचा बघा. तिच्या घरात पीठ न्हाई. तिचे उपास देवाचे नव्हते, आणि मी तिला सगळ्यांदेखत त्यावरनं बोलले. आणि रोहिणीचा बघा. ती सोताचा घास दुसरीला देऊन येती, म्हणून पिवळी. साहेब, तुमी घाबरलेल्या बायका घरी पाठवत न्हाई. उपाशी पाठवताय."

शेटे ऋजुताकडे वळले. "हे खरं आहे?"

ऋजुताने पेटी खाली ठेवली. तिने वैजयंताच्या हातांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "खरं आहे सर. नाकाला भुकेचा वास शिकवलेलाच नाही. आमची चूक आहे. मी लेखी देते."

"भुकेचा वास," शेटे पुटपुटले. त्यांनी शालनच्या पिवळ्या दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "खराडे, आज कुणालाच घरी पाठवायचं नाही. टेबलं आळीपाळीने चालवू. अर्धा आठवडा या, अर्धा आठवडा त्या. आणि ती पाटी काढा."

मागच्या शेडमध्ये दुसऱ्या दिवसापासून खिचडीचं पातेलं चढलं. तांदूळ शेट्यांनी पाठवले, डाळ बायकांनी मुठीमुठीने आणली, शिजवायला अर्थातच रोहिणी. तिच्या खिचडीचं जो तो कौतुक करी, आणि वैजयंताला ते अजूनही पुरतं सोसत नसे.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"तू जेवायला बसलीस हेच लई झालं," रोहिणी तिच्या ताटात आणखी एक डाव घालत म्हणाली. "नेम मोडलास म्हणं माझ्यापायी?"

"तुझ्यापायी कशाला? तुझ्यावर जळून मोडला."

रोहिणी इतकी हसली की डाव पातेल्यात पडला. "देवाला काय सांगितलंस मग?"

"हेच सांगितलं. जे झालं ते. अजून त्यानं काय उत्तर दिलं न्हाई." वैजयंताने घास घेतला. "पण राग आल्यासारखा बी वाटला न्हाई."

महिन्याभराने ऋजुता पुन्हा आली. तिची नोकरी गेली नव्हती. उलट बढती मिळाली होती. पण चेहरा काही बढती मिळाल्यासारखा नव्हता. तिच्या मागे दोन माणसं केंद्राच्या फाटकाशी शिडी लावत होती. शेडमध्ये येऊन ती वैजयंता आणि रोहिणीच्या मधे बसली.

"कंपनीने नाकाला भूक शिकवली," ती म्हणाली. "आता चूक होत नाही. भीती वेगळी, भूक वेगळी. तीही किती वेळांची, ते सुद्धा कळतं. शेटेसाहेबांनी पहिलं नाक फाटकावर बसवायला सांगितलंय. सकाळी कोण उपाशी आलं, ते नावानिशी त्यांच्या फोनवर जाईल."

"कशाला?" रोहिणीने विचारलं.

"खिचडी किती शिजवायची ते कळावं म्हणून, असं म्हणाले." ऋजुताने ताटातला घास तसाच ठेवला. "चांगलंच आहे ना ते? पण काल आणखी काही मालकांची मागणी आली. कारखान्यांची, गोदामांची. त्यांच्याकडे खिचडी नाही, काकू. त्यांना फक्त नाक पाहिजे. आणि पुढच्या महिन्यात मजुरीची बोलणी आहेत, सगळीकडेच."

वैजयंताने तासगावचे बेदाण्याचे सौदे लहानपणापासून पाहिले होते. तिथे मुरलेला व्यापारी मालाकडे नंतर पाहतो. आधी विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. याला आजच विकायची गरज आहे, हे एकदा त्याच्या लक्षात आलं की भाव खाली येतोच. तोंडावरची गरज झाकता तरी येत होती. हसून झाकता येत होती, उपासाचं नाव सांगून झाकता येत होती.

फाटकावर पोलादी गोळा घट्ट बसला. शिडीवरचा माणूस खाली उतरला. उद्या सकाळी त्याच्याखालून सगळ्या आत येतील, शालनही येईल, आणि कुणीतरी तिच्या पोटातलं वाचेल. वाचणारा तिला ताट वाढेल, की तिचा भाव पाडेल?